आरपीएस२६ वरचा संशय: सासवडच्या दोन बहिणींचं प्रकरण

मी पुण्यात जनुकीय समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण शिकवण्यासाठी लिहिलं आहे. एकाहून अधिक कुटुंबांचे अनुभव त्यात गुंफले आहेत आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.

ती २९ वर्षांची. हडपसरला एका पतसंस्थेत नोकरी, माहेर सासवडजवळ, सासर चिंचवडला. नवरा चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. लग्नाला चार वर्षं झालेली. पहिल्या भेटीत तिने जाडजूड फाइल टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. आतला एकच कागद घडी घालून पर्समध्ये वेगळा ठेवला होता, तो माझ्यासमोर उलगडला. "मॅडम, यात लिहिलंय की माझ्या अंड्यांमध्ये रायबोसोमचा दोष आहे. म्हणजे आता काहीच होणार नाही ना?"

कागद एक्सोम तपासणीच्या, म्हणजे जनुकांमधले प्रथिनं घडवणारे भाग अक्षर-अक्षर वाचणाऱ्या तपासणीच्या, अहवालाचा होता. आरपीएस२६ नावाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत एक अक्षर बदललेलं, आणि त्यापुढे वर्गवारी: अर्थ अनिश्चित. हा शेवटचा शब्द मात्र घरापर्यंत पोचलाच नव्हता. ज्या केंद्रात उपचार चालू होते तिथे त्यांना सांगितलं गेलं होतं की कारण सापडलं. नवऱ्याने त्या रात्री मोबाइलवर शोधलं. हेच जनुक काढून टाकलेल्या उंदरिणींना पिल्लं होत नाहीत, असं त्याला सापडलं. सकाळी सासूबाईंनी त्याचा अर्थ एका वाक्यात लावला: बीजातच खोट आहे. तो 'खोट' शब्द तिने मला सांगताना खाली बघून सांगितला.

फाइलमधली हकिगत अशी. तेराव्या वर्षी पाळी आली, सव्विसाव्या वर्षापर्यंत नियमित होती. मग दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी येऊ लागली. कुणी ताण म्हणालं, कुणी वजन कमी करायला सांगितलं, आठ महिने गोळ्यांवर गेले. आयव्हीएफच्या एका फेरीत अकरा दिवस इंजेक्शनं घेऊन दोन बीजं मिळाली, दोन्ही अपरिपक्व. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं मेंदूकडचं संप्रेरक, ६८ (अंडाशय थकलं की ते वाढतं), पाच आठवड्यांनी पुन्हा ७४. बीजांचा साठा दाखवणारं एएमएच ०.१ पेक्षाही कमी. थायरॉइड ठीक, अधिवृक्क ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं नाहीत, गुणसूत्रांची तपासणी ४६ एक्सएक्स, म्हणजे नेहमीची.

चाळिशीच्या आत निदान चार महिने पाळी विस्कटलेली किंवा बंद, आणि एफएसएच २५ च्या वर, एवढ्यावर अंडाशयाच्या अकाली अकार्यक्षमतेचं निदान होतं. लोक याला 'लवकर पाळी जाणं' म्हणतात. मी तो शब्द टाळते. पाळी जाणं म्हणजे दार बंद, आणि इथे दार अधूनमधून किलकिलं होतं: अशा स्त्रियांपैकी साधारण पाच टक्क्यांना पुढे आपोआप गर्भ राहतो. निदानाबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती कारणाबद्दल.

रायबोसोम म्हणजे काय, हे तिला सांगताना मी आधी बेगमीबद्दल बोलले. सासवडकडे वाढलेल्या मुलीला उन्हाळ्यातली वाळवणं समजावून सांगावी लागत नाहीत. पावसाळ्यात चूल पेटेल न पेटेल, म्हणून कुरडया, पापड, सांडगे आधीच करून डब्यात भरायचे. स्त्रीबीज हेच करतं. अंडाशयातल्या फॉलिकल नावाच्या पिशवीत वाढत असताना ते सुमारे ३५ मायक्रॉनवरून १०० मायक्रॉनच्या पुढे जातं, शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक होतं. त्या काळात ते झपाट्याने आरएनए आणि रायबोसोम बनवून साठवतं. वाढ पूर्ण होत आली की डीएनएवरून नवीन आरएनए उतरवणं थांबतं. त्यानंतरचं सगळं, म्हणजे परिपक्व होणं, शुक्राणूशी मिलन आणि भ्रूणाचं पहिलं विभाजन, साठ्यावर चालतं. उंदराच्या भ्रूणाचं स्वतःचं जनुकीय काम दोन पेशींच्या टप्प्यावर जोरात सुरू होतं, माणसाच्या भ्रूणाचं चार ते आठ पेशींच्या सुमारास. वडिलांकडून शुक्राणूबरोबर रायबोसोमची शिदोरी जवळपास येत नाहीच. पहिले दोन-तीन दिवस आईच्या डब्यातले.

रायबोसोम ही पेशीतली प्रथिनं तयार करणारी यंत्रणा. माणसाच्या रायबोसोममध्ये चार आरएनए आणि ८० प्रथिनं असतात, एक मोठा भाग आणि एक लहान. आरपीएस२६ हे लहान भागातलं ११५ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन. निरोप घेऊन आलेला आरएनए जिथून बाहेर पडतो त्या तोंडाशी ते बसतं. ते नसेल तर लहान भागातला १८एस नावाचा आरएनए नीट तयार होत नाही, आणि लहान भागच अपुरा राहतो. वेंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना २००९ चं नोबेल रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल मिळालं, हे तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. आपल्याच घरातल्या दुखण्याशी त्या शोधाचा संबंध लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, एवढंच तो म्हणाला.

आता त्याला सापडलेला तो उंदरांवरचा अभ्यास. तो खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी उंदरिणींच्या फक्त स्त्रीबीजांतून हे जनुक काढून टाकलं. बाकी शरीर जसंच्या तसं. बीजांची वाढ अर्ध्यात अडली, फॉलिकल पोकळी धरण्याआधीच थांबले आणि तरुण वयातच अंडाशय रिकामं होत गेलं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती संवादाची. बीज एकटं वाढत नाही. भोवतालच्या पेशी त्याला पोसतात आणि बीज जीडीएफ९ सारखी प्रथिनं सोडून त्यांना वाढायला सांगतं. दोघांच्या मधे कोनेक्सिनची सूक्ष्म दारं असतात. आरपीएस२६ गेल्यावर जीडीएफ९ ही कमी झालं आणि कोनेक्सिनही. म्हणजे बीज उपाशी राहिलंच, शिवाय त्याची हाकही बंद झाली. स्त्रीबीजाची पुंजी किती मोठी असते आणि ती रायबोसोमवर किती अवलंबून असते हे त्यातून दिसतं.

पण त्या उंदरिणींच्या बीजांत या जनुकाच्या दोन्ही प्रती नव्हत्या. माझ्यासमोर बसलेल्या मुलीत दोन्ही प्रती होत्या, एकीत एक अक्षर वेगळं. घरातला दिवाच काढून नेणं आणि वात किंचित तिरकी असणं यात जेवढा फरक, तेवढा हा फरक. एका प्रतीतल्या बदलाने माणसात काय होतं याचा आधार आपल्याकडे आहे, पण तो अंडाशयाचा नाही, रक्ताचा आहे. डायमंड–ब्लॅकफॅन अॅनिमिया या आजारात रायबोसोमच्या एखाद्या प्रथिनाची एक प्रत बिघडलेली असते आणि अस्थिमज्जेत लाल पेशी तयार होत नाहीत. त्यातलं पहिलं जनुक, आरपीएस१९, १९९९ मध्ये सापडलं. आरपीएस२६ ची भर २०१० मध्ये पडली. म्हणून मी तिच्या बाळपणाकडे वळले. लहानपणी रक्त चढवलं होतं का? नाही. शाळेत लोहाच्या गोळ्या सगळ्यांना मिळायच्या तेवढ्याच. या आजारात अंगठ्याची ठेवण कधीकधी वेगळी असते, म्हणून तिचे दोन्ही अंगठे पाहिले. हिमोग्लोबिन ११.८, लाल पेशींचा आकार नेहमीचा, हिमोग्लोबिन एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन जे या आजारात वाढलेलं दिसतं, तेही वाढलेलं नाही. रक्ताच्या बाजूने या बदलाविरुद्ध साक्ष मिळेना.

इथे एक आडवाट घेते, कारण ती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. रायबोसोमच्या प्रथिनावर अंडाशयाच्या दोषाचा आळ येण्याची ही पहिली वेळ नाही. टर्नर सिंड्रोममध्ये एकच एक्स गुणसूत्र असतं आणि अंडाशय लवकर ओसरतं. १९९० मध्ये असं सुचवलं गेलं की एक्सवर असलेलं आरपीएस४ हे रायबोसोमचं जनुक एकाच प्रतीत उरल्याने यातलं बरंच काही घडत असावं. कल्पना देखणी होती. पण काही मुलींच्या दोनपैकी एका एक्सची फक्त लांब बाजू दुप्पट झालेली असते. आरपीएस४ त्याच बाजूवर आहे, म्हणून त्यांच्यात हे जनुक कमी नसतं, उलट जास्त असतं, आणि तरी टर्नर दिसतो. जनुकाचं काम कितीही पटण्यासारखं असलं तरी त्याच्यावरचा आरोप रुग्णांमध्ये टिकतो का, हे वेगळं पाहावं लागतं.

तेच पाहायचं होतं. आधी प्रयोगशाळेला एक साधा प्रश्न विचारला: हा बदल खराच आरपीएस२६ मधला आहे का? रायबोसोमच्या प्रथिनांच्या जनुकांच्या निकामी नकला आपल्या जनुकसंचात हजारोंनी विखुरलेल्या आहेत, आणि आरपीएस२६ च्याही पुष्कळ. यंत्र तुकडे वाचतं तेव्हा नकलेतलं अक्षर मूळ जनुकाच्या खात्यावर पडू शकतं. मूळ जनुकात मधेमधे इंट्रॉन, म्हणजे प्रथिनात न उतरणारे तुकडे, असतात. नकलांमध्ये ते नसतात, म्हणून इंट्रॉनमध्ये सुरुवात धरून सँगर या एकेक तुकडा वाचण्याच्या पद्धतीने पुन्हा वाचायला सांगितलं. बदल खरा निघाला.

मग कुटुंब. मी वंशावळ काढायला बसले की नात्यातल्या लग्नांबद्दल विचारतेच. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, आणि रायबोसोमशी जोडलेली काही कारणं दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसतात. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, स्वतःच्या रायबोसोममधल्या एमआरपीएस२२ या प्रथिनाची दोन्ही जनुकं बदललेल्या मुलींमध्ये अंडाशय काम करत नाही, असं नात्यात लग्नं झालेल्या कुटुंबांमध्ये आढळलं आहे. या घरात तसं लग्न नव्हतं. आई, वडील आणि आत्या रक्त द्यायला तयार झाले. आत्या म्हणाल्या, "पोरीसाठी रक्त काय, मागाल ते देते."

आईमध्ये बदल नव्हता. वडिलांमध्ये होता. पुरुषाच्या साक्षीचा इथे अर्धाच उपयोग, त्यांना अंडाशय नाही. पण आत्यांमध्येही तोच बदल निघाला. त्यांना तीन मुलं, पाळी पन्नासाव्या वर्षी गेली, आणि रक्त उत्तम. एका आत्यावरून निकाल देता येत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तरी संशय बराच हलका झाला होता. मी तिला म्हणाले, "आरपीएस२६ वर आपण निकाल देत नाही, पण त्याला आता आरोपीच्या पिंजऱ्यातून खाली उतरवू या."

ती पहिल्यांदा नीट हसली. माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं होतं.

रक्त देण्याच्या दिवशी आप्पा, म्हणजे तिचे वडील, दिवे घाट उतरून एसटीने आले होते. वय ६२. अंजीर आणि सीताफळाची बाग. संमतिपत्रावर सही करताना त्यांनी उजवं मनगट डाव्या हाताने धरलं. पेन कागदाजवळ जाईल तशी थरथर वाढत होती.

"आप्पा, हे कधीपासून?"

"झाली तीन-चार वर्षं. वय झालं, मॅडम."

लेक म्हणाली, "आता शिडीवर चढू देत नाही आम्ही त्यांना. तोल जातो. चहा बशीत ओतला की सांडतो."

हात एखाद्या वस्तूकडे नेताना वाढणारी थरथर, त्यात तोल जाणं, आणि मुलीचं अंडाशय विशीतच ओसरणं. या तीन गोष्टी एका ओळीत ठेवल्या की एकच नाव समोर येतं: एफएमआर१. आणि ती तपासणी झालेलीच नव्हती. फाइलवर 'जनुकीय तपासणी पूर्ण' असं लिहिलेलं होतं, आणि पहिल्या भेटीत मी त्यावर विश्वास ठेवला. ही चूक माझी. एक्सोम तपासणी अक्षरं वाचते. एकाच तुकड्याची किती वेळा आवृत्ती झाली आहे हे ती नीट मोजत नाही. एफएमआर१ च्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. चव्वेचाळीसपर्यंत नेहमीचं. दोनशेच्या पुढे गेलं की जनुक गप्प होतं आणि फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम होतो, बौद्धिक वाढ खुंटण्याचं एक मोठं आनुवंशिक कारण. मधला, ५५ ते २०० चा पट्टा म्हणजे पूर्वबदल. तो असलेल्या पुरुषांपैकी काहींना पन्नाशीनंतर थरथर आणि तोल जाण्याचा त्रास होतो. स्त्रियांपैकी सुमारे वीस टक्क्यांचं अंडाशय चाळिशीच्या आत ओसरतं, आणि हा धोका ८० ते १०० आवृत्त्यांच्या आसपास सगळ्यात जास्त दिसतो.

तिच्या एका एक्सवर ३०, दुसऱ्यावर ८४. आप्पांच्या एक्सवर ८६.

निकाल सांगताना मी आप्पांनाही बोलावलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्याकडून गेलं?" मी खरं तेच सांगितलं. हो, तुमच्याकडून गेलं, आणि तुमच्याकडे तुमच्या आईकडून आलं, त्यांच्याकडे त्याही आधीच्या कुणाकडून. डोळ्यांचा रंग जसा येतो तसं. सासूबाईही होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण उठून त्यांनी आप्पांना पाण्याचा ग्लास दिला, आणि त्यांचा हात थरथरतोय हे पाहून ग्लास स्वतःच धरून ठेवला. आप्पांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

नवऱ्याने पुन्हा वाचन केलं होतं. पूर्वबदल असलेल्या जनुकाचा आरएनए जास्त बनतो, आणि त्या आवृत्त्यांच्या लांबट भागावर रायबोसोम नेहमीच्या सुरुवातीच्या खुणेशिवायच काम सुरू करतो. ग्लायसिन या अमिनो आम्लाची साखळी असलेलं एक घातक प्रथिन तयार होतं. पोलंडमधल्या पोझनानच्या संशोधकांनी अलीकडे दाखवलं की पेशींमधलं आरपीएस२६ कमी केलं तर हे घातक प्रथिन कमी बनतं. "मॅडम, मग तिच्यातला तो बदल चांगलाच म्हणायचा का?" किती वाचलं होतं त्याने! मी त्याला म्हटलं, उंदरावरून वाईट ठरवण्याची घाई केली तशीच आता पेशींवरून चांगलं ठरवण्याची घाई नको. रायबोसोम या दोन्ही गोष्टींत आहे, कारण तो बीजातल्या सगळ्याच गोष्टींत आहे.

पुढच्या उपचारांबद्दल थोडक्यात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत. ते मूल होण्यासाठी नाही, हाडं, हृदय आणि तिची स्वतःची तब्येत यांच्यासाठी. हे आधी कुणीच सुरू केलं नव्हतं, आणि डेक्सा तपासणीत कण्याच्या हाडांची घनता कमी भरली. मूल हवं असेल तर दात्याचं बीज किंवा दत्तक. स्वतःच्या बीजातून गर्भ राहिलाच तर आवृत्त्या आईकडून जाताना वाढू शकतात, त्यामुळे गर्भाची तपासणी लागेल. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या (एआरटी) २०२१ च्या कायद्यानुसार बीजदात्री २३ ते ३५ वयाची, एआरटी बँकेमार्फत येते, आयुष्यात एकदाच बीजं देते आणि सातांहून जास्त काढता येत नाहीत.

या शेवटच्या मुद्द्यावर आई मधेच म्हणाली, "बाहेरचं कशाला? धाकटी आहे ना. आमचं ठरलंय, धाकटी ताईला देईल."

मला याचीच धास्ती होती. आप्पांकडे एकच एक्स आहे आणि तो प्रत्येक मुलीकडे जातोच. म्हणजे धाकटीची तपासणी न करताही तिच्याकडे पूर्वबदल असणार हे आप्पांच्या अहवालातच लिहिलेलं होतं. पण ती खोलीत नव्हती, आणि तिच्याबद्दलची गोष्ट तिच्या आधी सगळ्यांना कळणं मला मान्य नव्हतं. पुस्तकात या पेचाचं उत्तर सोपं असतं. तिथे आई उत्तराची वाट बघत बसली होती. मी एवढंच म्हणाले की बीज देण्याचा विषय धाकटी मला एकटी भेटेपर्यंत बाजूला ठेवा. मोठीला बहुतेक कळलं. तिने आईचा हात दाबला आणि विषय बदलला. आत्यांना वेगळं पत्र दिलं. त्यांच्याकडे हा एक्स आला असण्याची शक्यता अर्धी.

धाकटी चोवीस वर्षांची, एका शनिवारी हडपसरहून पीएमपीच्या बसने एकटी आली. घरात स्थळं बघणं चालू होतं. मी कागदावर दोन एक्स काढून समजावत होते, तोवर तिने स्वतःच बोट ठेवलं: "म्हणजे मला आहेच." तिची पाळी नियमित होती, एएमएच १.१, वयाच्या मानाने कमी. आवृत्त्या ८५. तिने विचारलं, "ताईला हे माझ्या वयात कळलं असतं तर?" तर तिच्याकडे पर्याय असता, मी म्हणाले. बीजं गोठवण्याबद्दल, त्यात यशाची खात्री नसते याबद्दल आणि त्यातल्या साधारण अर्ध्या बीजांत हाच एक्स असेल याबद्दल आम्ही तासभर बोललो. जाताना तिने विचारलं, "आईला तुम्ही सांगणार?" नाही, तुझा अहवाल तुझा.

सहा महिन्यांनी मोठी इस्ट्रोजेनच्या पॅचवर (त्वचेवर चिकटवायच्या पट्टीवर) आहे, झोप सुधारली आहे. दात्याबद्दल दोघांचं अजून ठरलेलं नाही, आणि घाई करणारं आता घरात कुणी नाही. धाकटीने एका फेरीत नऊ बीजं गोठवली. बरोबर ताई आली होती. गेल्या महिन्यात धाकटीचा फोन आला. एक पानाचं मराठी पत्र हवं होतं, ज्या मुलाशी बोलणी पुढे जातील त्याला तिला योग्य वाटेल तेव्हा स्वतः दाखवण्यासाठी. मी ते लिहून दिलं. त्यात एफएमआर१ आहे, ८५ हा आकडा आहे, गर्भाची तपासणी कशी होते ते आहे. आरपीएस२६ चा उल्लेख त्यात केलेला नाही.